घडणीच्या वयातला मेंदू

बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे वागणे एकाएकी बदलले की घरातली वडीलधारी माणसे त्याचे खापर दोन गोष्टींवर फोडतात, एक तर 'हार्मोन्स'वर, नाहीतर 'संगती'वर. यातले पहिले कारण अर्धेच खरे आहे आणि दुसरे खरे असले तरी ते ज्या अर्थाने सांगितले जाते त्या अर्थाने नाही. आवाज फुटणे, मिसरूड येणे, पाळी सुरू होणे हे संप्रेरकांमुळे घडणारे बदल सगळ्यांना दिसतात, पण त्याच सुमारास मेंदूच्या रचनेत सुरू होणारी मोठी फेरमांडणी कोणाला दिसत नाही आणि ती शरीराची उंची वाढायची थांबल्यावरही बरीच वर्षे चालू राहते. बापाची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे म्हणतात. मात्र पाय आणि मेंदू यांच्या वाढीचे वेळापत्रक एक नसते, आणि पालकांची बरीचशी तगमग या दोन वेळापत्रकांमधल्या अंतरातून उद्भवते.

पौगंडावस्था हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथाने ठसवले. या वयाला वादळाची उपमा देण्याची प्रथाही त्यांनीच रूढ केली. तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ मेंदूची महत्त्वाची वाढ बालपणीच आटोपते असा समज टिकून होता, आणि त्याला आधारही होता, कारण सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे नऊ-दशांश झालेले असते. या समजाला पहिला धक्का शिकागो येथील बालमेंदूरोगतज्ज्ञ पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये दिला. मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी चेतासंधी मोजल्या. चेतासंधी म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याची जागा. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या बालकाच्या चेतासंधींची दाटी प्रौढापेक्षा जवळपास दीडपट आढळली आणि पुढे किशोरवयापर्यंत ती कमी कमी होत गेलेली दिसली. मेंदू वाढतो म्हणजे त्यात सतत भर पडते, ही कल्पनाच त्यामुळे बाजूला सारावी लागली.

मृत ऊतींवरून जिवंत मुलांबद्दल किती बोलायचे, हा प्रश्न उरलाच होता. तो एमआरआय तंत्राने सोडवला. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नसल्याने निरोगी मुलालाही पुन्हा पुन्हा यंत्रात झोपवता येते, म्हणजे एकाच मुलाच्या मेंदूचा प्रवास वर्षानुवर्षे टिपता येतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड यांनी असा दीर्घ अभ्यास हाती घेतला आणि १९९९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिले की कपाळामागच्या भागातला करडा थर, म्हणजे चेतापेशींची शरीरे आणि त्यांच्या जोडण्या यांनी भरलेला भाग, मुलींमध्ये सुमारे अकराव्या आणि मुलांमध्ये सुमारे बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग घटू लागतो. पुढे २००४ मध्ये त्याच संस्थेतले नितीन गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते एकवीस वर्षे वयाच्या काळातले हे बदल क्रमाने लावले. संवेदना आणि हालचाल यांचे भाग आधी पक्के होतात, तर परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे, दूरची आखणी करणे ही कामे ज्याच्याकडे आहेत तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे अग्रमेंदूचा सर्वांत पुढचा भाग, अगदी शेवटच्या टप्प्यात परिपक्व होतो, असे त्यातून दिसले.

करडा थर घटतो याचा अर्थ मेंदू झिजतो असा नाही. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो तेव्हा वेल दुबळी होत नाही, राखलेल्या डोळ्यांना जोर मिळतो. मेंदूतही वापरात असलेल्या जोडण्या राखल्या जातात आणि पडून राहिलेल्या काढल्या जातात. त्याच काळात चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढत असते. त्यामुळे संदेशांचा वेग अनेक पटींनी वाढतो, दूरदूरचे भाग एकमेकांशी जुळवून घेऊ लागतात आणि एमआरआयच्या चित्रात करडा भाग आणखी कमी दिसतो. छाटणीत काय राखले जाणार हे बऱ्याच अंशी वापरावर अवलंबून असल्याने या वयात रियाज, खेळ, भाषा किंवा एखादी कला यांना दिलेला वेळ वाया जात नाही. व्यसनेही याच काळात घट्ट मुळे धरतात, त्यामागेही हेच कारण आहे.

इथवरची माहिती आता पुष्कळांच्या कानांवर गेलेली आहे आणि तिच्यातून एक सोपा, पण दिशाभूल करणारा निष्कर्षही घरोघर पोहोचला आहे. पंचविसाव्या वर्षापर्यंत मुलांचा मेंदू अर्धवट असतो, म्हणून त्यांना विचार करता येत नाही, असा तो निष्कर्ष. पंचवीस या आकड्यापाशी मेंदूत कोणतीही रेघ ओढलेली नसते. बदल त्याआधी मंदावतात आणि त्यानंतरही चालू राहतात. शिवाय विचार करता येत नाही हे म्हणणे प्रयोगांच्या कसोटीवर उतरत नाही. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाचे लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह ११ देशांतल्या, १० ते ३० या वयोगटातल्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तर्क, स्मृती आणि माहितीचा विचारपूर्वक वापर या बाबतीत साधारण सोळाव्या वर्षी मुले प्रौढांच्या बरोबरीला येतात, मात्र आवेग आवरण्याची आणि मोहाला तोंड देण्याची क्षमता त्यानंतर कित्येक वर्षांनी स्थिरावते, असे या कामातून दिसले. स्वस्थपणे, एकट्याने, वेळ घेऊन केलेला विचार आणि भावनांच्या भरात, मित्रांसमोर, क्षणात घेतलेला निर्णय या दोन निराळ्या क्षमता आहेत. सगळा प्रश्न दुसऱ्या क्षमतेचा आहे, आणि पालकांचा उपदेश मात्र बहुधा पहिल्या क्षमतेला उद्देशून केलेला असतो.

हा फरक कसा मोजला जातो ते एका प्रयोगातून नीट कळते. स्टाइनबर्ग यांच्याच गटातले जेसन चाइन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती एमआरआय यंत्रात पडून पडद्यावर गाडी चालवते. एका सरळ रस्त्यावर ओळीने चौक येतात, प्रत्येक ठिकाणी सिग्नल पिवळा होतो आणि थांबायचे की दामटायचे हे त्या क्षणी ठरवावे लागते. थांबले तर थोडा वेळ जातो. दामटले आणि आडवी गाडी आली तर टक्कर होऊन दुप्पट वेळ जातो. काहीच आले नाही तर वेळ वाचतो. जो लवकर पोहोचेल त्याला जास्त पैसे मिळतात. चौदा ते अठरा वर्षांची मुले, नुकते विशीत आलेले तरुण आणि पंचविशीच्या आसपासचे प्रौढ हे तिन्ही गट एकटे असताना जवळपास सारखाच धोका पत्करतात. नंतर त्यांना सांगितले जाते की त्यांचे दोन मित्र शेजारच्या खोलीतून हा खेळ पाहत आहेत. एवढ्याने मोठ्यांच्या वागण्यात काही फरक पडत नाही, मात्र किशोरवयीन मुले जास्त सिग्नल तोडू लागतात, आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग अधिक उत्तेजित झालेला दिसतो. मेंदूच्या खोल गाभ्यातला हा भाग डोपामिन या रसायनाच्या मदतीने बक्षिसाची, आनंदाची चाहूल घेतो. मित्र शेजारी बसलेले नाहीत, चिथावतही नाहीत. ते पाहत आहेत एवढी जाणीव पुरते.

'संगत वाईट' हे निदान इथे अपुरे ठरते. चांगल्या घरातली, अभ्यासू, समंजस अशी तीन मुले एका दुचाकीवर बसली की त्यांच्यातल्या चालवणाऱ्याचा मेंदू एकट्याने चालवतानाचा मेंदू राहत नाही. त्या तिघांपैकी कोणी 'वाईट' असावेच लागते असे नाही. म्हणून मुलाला गाडीची किल्ली देताना 'सावकाश जा' असे बजावण्यापेक्षा मागे कोण बसणार आहे हे ठरवून घेणे अधिक उपयोगाचे, आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत किल्लीच न देणे हे सर्वांत उपयोगाचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली आहे आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाकारला आहे. गावोगावच्या शिकवणी वर्गांबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहिली तर हा कायदा कोणी गांभीर्याने घेतो असे वाटत नाही.

मित्रांच्या नजरेची ही ओढ म्हणजे दोषच, असेही मानू नये. घराबाहेरच्या जगात स्वतःची जागा मिळवण्यासाठी लागणारे धाडस याच ओढीतून येते. गणेशोत्सवाआधी ढोलताशा पथकांच्या सरावाला जाणारी सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आठवडेच्या आठवडे, हाताला फोड येईपर्यंत, रोज ठरल्या वेळी हजर राहतात, तेव्हा त्यांना शिस्त लावणारी शक्ती तीच असते: आपल्या वयाचे चाळीस जण पाहत आहेत आणि आपला ठोका चुकता कामा नये. घरी वेळेवर दप्तर न आवरणारी मुलगी पथकात मिनिटाचाही उशीर करत नाही, याचे आईला वाटणारे आश्चर्य स्वाभाविक आहे, पण यात विसंगती नाही. कबड्डीचा संघ, एकांकिकेची तालीम, गिर्यारोहणाचा गट अशा ठिकाणी धोका थोडा असतो, जाणते मोठे माणूस जवळ असते आणि समवयस्कांची दाद भरपूर मिळते. दहावीच्या वर्षी 'आता हे सगळे बंद' असे फर्मान काढणारे पालक ही सोय स्वतःच्या हाताने मोडतात आणि मग ती ओढ दुसरीकडे वाट काढते.

मित्रांचे वजन वाढते तेव्हा आईवडिलांचे काय होते, याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल एब्रम्स यांच्या गटाने २०२२ मध्ये दिले. सात ते सोळा वर्षांच्या मुलांना त्यांच्या आईच्या आणि अनोळखी स्त्रियांच्या आवाजात निरर्थक शब्द ऐकवण्यात आले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आनंदाची चाहूल घेणारे भाग आईच्या आवाजाने अधिक जागे होत. तेराव्या वर्षानंतर ते अनोळखी आवाजाने अधिक जागे होऊ लागले. आईचा आवाज मुलांना ओळखू येत नव्हता असे नाही, फक्त नव्या आवाजाचे मोल वाढले होते. 'याला माझे ऐकूच येत नाही' ही तक्रार घराघरांत ऐकू येते. या वयात घराबाहेरच्या आवाजांकडे कान वळणे हा वाढीचाच भाग आहे, अपमान नव्हे, एवढे कळले तरी पालकांचा निम्मा राग निवळायला हरकत नाही.

टीकेच्या बाबतीतला प्रयोग पालकांसाठी याहून बोचरा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ ते सतरा वर्षांच्या बत्तीस निरोगी मुलांना यंत्रात झोपवून त्यांच्या स्वतःच्या आईने केलेल्या टीकेचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. ही टीका जिव्हारी लागेल अशी नव्हती. तुझी मला खटकणारी गोष्ट कोणती, अशा धर्तीची, कोणत्याही घरात रोज होणारी ती होती. ती ऐकताना भावना उसळवणाऱ्या भागांतली हालचाल वाढली, भावना आवरणाऱ्या अग्रभागातली कमी झाली, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखणाऱ्या भागांतलीही कमी झाली. यातला तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. आई हे काळजीपोटी बोलते आहे, हे मुलाला समजावे म्हणून ती बोलते, आणि नेमकी तीच समजूत ज्या भागांनी करून घ्यायची ते भाग त्या अर्ध्या मिनिटात मंदावलेले असतात. बत्तीस ही संख्या लहान आहे आणि एका अभ्यासावर घराची घडी बसवू नये, हे खरे. परंतु रात्री अकरा वाजता मोबाइल हिसकावून घेत सुरू झालेले भाषण आजवर कोणत्या घरात सफल झाले आहे, याचा अनुभव या निष्कर्षाशी जुळतो.

मग बोलायचे केव्हा? भांडणाच्या क्षणी नियम सांगणे वाया जाते, तर तोच नियम रविवारी सकाळी चहा घेताना, कोणी तिसरे माणूस समोर नसताना, प्रश्नाच्या रूपाने मांडला तर तीच सोळा वर्षांची मुलगी त्याची बरीवाईट बाजू एखाद्या वकिलाप्रमाणे तपासते, कारण शांत विचाराची तिची क्षमता पूर्ण झालेली असते. पावसाळ्यात मित्रांबरोबर धबधब्यावर जायचे असेल तर पाण्यात कुठवर उतरायचे, फोन बंद पडला तर काय करायचे, परतताना चालवणारा प्यायलेला आढळला तर कोणाला बोलवायचे, हे सगळे आदल्या दिवशी घरी ठरवून घ्यावे. ऐन वेळी तिथे सुचेल या भरवशावर राहू नये. आणि तशा वेळी मुलाचा फोन आला तर आधी त्याला घरी आणावे, जाब दुसऱ्या दिवशी विचारावा. पालकाचे नुसते जवळ असणेही निरुपयोगी नसते. सिग्नलच्याच खेळात आई पाहते आहे असे कळल्यावर किशोरवयीन मुलांनी धोका कमी पत्करल्याचे ईव्हा टेल्झर यांच्या गटाला आढळले आहे.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. वर आलेली सगळी वळणे सरासरीची आहेत आणि कोणतेही एक मूल सरासरीचे नसते. एमआरआय काढून 'तुमच्या मुलाचा अग्रमेंदू इतका टक्के तयार झाला आहे' असे सांगणारे केंद्र कोणी उघडले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तसेच 'वयच तसे आहे' या सबबीखाली आजार झाकला जाण्याचा धोकाही मोठा आहे. रोनाल्ड केसलर यांच्या २००५ सालच्या अमेरिकी पाहणीनुसार आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. चिडचिड, दार आपटणे, आरशासमोर तास घालवणे हे वयाचे. पण दोन-दोन आठवडे उदासी न हटणे, मित्रही नकोसे होणे, जेवण तुटणे, स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा बोलणे हे वयाचे नव्हे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे आणि तोवर केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य आणि अहोरात्र आहे.

राहिला झोपेचा विषय, आणि वास्तविक पालकांनी सुरुवात इथूनच करायला हवी. मेरी कार्स्केडन यांनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे उन्हाळी झोप-शिबिरे भरवली. तीच मुले दरवर्षी येत, रात्री दहा ते सकाळी आठ अंथरुणात राहत आणि त्यांची झोप उपकरणांनी मोजली जाई. वय वाढेल तशी झोपेची गरज कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुले दरवर्षी सव्वानऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली आणि वयात आल्यावर तर तेवढी झोप होऊनही दिवसा अधिक पेंगू लागली. पुढे ब्राउन विद्यापीठात त्यांनी दाखवले की वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक, रात्री उशिरा पाझरू लागते. लहान मुलाला नऊला येणारी झोप पंधराव्या वर्षी अकरापर्यंत येत नाही, ती आळसामुळे नव्हे. मोबाइलच्या उजेडाने आणि गप्पांनी ती आणखी लांबते हे खरे, पण मोबाइल नव्हते त्या काळातल्या मुलांतही हा बदल होताच. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपतज्ज्ञांचे मत आहे. अकराला झोपून पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलाची रोज किमान दीड तास तूट होते. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका अग्रमेंदूच्या आवर घालण्याच्या शक्तीलाच बसतो, आणि मग सकाळी सातच्या वर्गात जे दिसते त्याला आपण बेफिकिरी म्हणतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली, तेव्हा मनगटावरच्या उपकरणांनी मोजलेली मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली; मुलांनी मिळालेला वेळ जागरणात घालवला नाही. कॅलिफोर्नियात याबाबतचा कायदा २०२२ पासून लागू आहे. महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. हेतू चांगला होता, पण शरीराच्या घड्याळाचा हिशेब उलटा झाला, कारण सात-आठ वर्षांची मुले निसर्गतःच लवकर झोपतात आणि लवकर उठतात. सवलतीची खरी गरज आठवी ते बारावीच्या मुलांना आहे, आणि त्या निर्णयात पाचवीपासून पुढचे वर्ग नाहीत. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, अपुऱ्या खोल्या, बसची वेळापत्रके या अडचणी खऱ्या आहेत. तरीही ज्या शाळेत दोन सत्रे आहेत तिथे सकाळचे सत्र लहानांना आणि दुपारचे मोठ्यांना देण्याने खर्च वाढत नाही. शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या सभेत गणवेश आणि सहलीच्या आधी हा विषय पालकांनी मांडावा.